तेल पिऊ दे

सावकाश बसा. खुर्ची नको. जमिनीवर बसा, नाहीतर बुटक्या स्टुलावर, म्हणजे इंजिन डोळ्यांच्या पातळीला येईल. मननासाठी आज एक मोडकी मोटरसायकल पुरे, आणि तिच्या पलीकडे बसलेले वडील. तुमचे वडील हयात असतील तर त्यांना मनाने तिथे बसवा. नसतील तरी बसवा. गाडी कुठलीही घ्या, राजदूत, बुलेट, सीडी १००, ज्या गाडीच्या टाकीवर बसून तुम्ही लहानपणी हॅन्डल धरलं होतं ती. मी येझदी रोडकिंग घेते. आप्पांची तीच होती, आणि आतूनबाहेरून मला तीच माहीत आहे.

आधी नुसतं बघायचं, हात लावायचा नाही. टाकीवरचा रंग पोपडे धरून सुटला आहे. सीटचा फोम उंदरांनी नेला आहे. पुढचं चाक एका बाजूला चेपलेलं, फोर्क मागे वाकलेला, हॅन्डल तिरकं. नंबराची पाटी ‘एमएच’ सुरू होण्याच्या आधीची. बघता बघता मन हिशेब मांडू लागेल: खर्च किती, वेळ किती, भंगारवाला काय भाव देईल. मांडू द्या. हिशेब थोड्या वेळाने आपसूक दमतो.

आता नजर वडिलांकडे न्या. ते गाडीकडे कसं बघतात ते बघा. आप्पा आधी खाली बघतात. इंजिनाखाली तेलाचा डाग आहे का, असला तर कुठल्या झाकणाखाली. मग चाकाच्या मधोमध, मग चेनवर. रंगाकडे त्यांची नजर सर्वांत शेवटी जाते. त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्यात फिटर म्हणून गेली. कारखान्याचं वर्ष दोन भागांत असतं. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू होतं आणि उन्हाळ्यापर्यंत रात्रंदिवस चालतं. नंतर भोंगा थांबतो आणि ऑफ सीझन लागतो. मग गिरणीचे रोलर उतरवायचे, बेअरिंगं काढायची, झिजलेलं भरून घ्यायचं, पुन्हा बसवायचं. उघडून मांडून ठेवलेल्या यंत्रापुढे बसायची त्यांना आयुष्यभराची सवय आहे.

इथे एक विचार हटकून येतो: ही गाडी म्हणजे माझे वडीलच, दोघेही जुने, दोघेही गंजलेले. सुचायला तो फार सोपा आहे. आला तर त्याला जाऊ द्या. त्यात वडिलांवर अन्याय आहे. गोळ्यांच्या डब्या, तपासण्या, पायऱ्यांना लावलेले कठडे, यांत आपण म्हातारपणी त्यांना सतत दुरुस्त करायची वस्तू करून टाकतो. या अंगणात निदान तसं नको. इथे मोडलेली आहे ती गाडी. आप्पा मिस्त्री आहेत. एवढं मनात पक्कं करा आणि मग पान्याकडे बघा.

पहिला बोल्ट सायलेन्सरचा. तो हलणार नाही. लोखंड गंजतं तेव्हा त्याचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून आट्यांच्या फटीत तो फुगून बसतो आणि नट-बोल्ट एकजीव झाल्यासारखे होतात. तुमच्या दंडात जोर आहे. पान्याला पाइप लावून लांबी वाढवायची युक्तीही ठाऊक आहे. आप्पा म्हणतात, “दम धर. जोर लावलास तर मुंडकं तुटंल. तेल पिऊ दे त्याला.” ते बोल्टभोवती डिझेल आणि ऑइल सोडतात, हातोडीने डोक्यावर दोन हलक्या टिचक्या मारतात, पुन्हा थोडं तेल सोडतात आणि उठतात. आजचं काम झालं.

त्या उठण्याबरोबर राहा. दिवस रिकामा गेल्यासारखा वाटेल. पण तेल आत उतरतंच आहे, आट्या-आट्यातून, कुणी बघत नसतानाही. उद्या सकाळी पाना लावला की बोल्ट ‘कर्र’ असा बारीक आवाज करील आणि जरासा हलेल. मग तो सरळ बाहेर ओढायचा नाही. थोडा सैल, थोडा परत आत, पुन्हा सैल. आत-बाहेर करता करता गंजाचा भुगा आट्यांतून बाहेर येतो.

आता या बसण्यातलं सर्वांत अवघड. आप्पांच्या बोटांत एक नट आहे. तो त्यांना इंजिनामागच्या स्टडवर लावायचा आहे, जिथे डोळा पोचत नाही. हात थरथरतो. काही धरायला पुढे गेला की थरथर वाढते, मनगट क्रँककेसवर टेकलं की कमी होते, म्हणून ते आधी मनगटाला टेका शोधतात. नट स्टडवर ठेवतात आणि उलटा फिरवतात. सैल करायच्या दिशेने, अगदी हळू. नटाची आटी स्टडच्या आटीच्या टोकावरून घसरून खाली बसते तेव्हा बोटांना बारीकसं ‘टक’ कळतं. मग सुलटा. अशा लावलेल्या नटाची आटी चढत नाही. तेवढ्यात नट निसटतो आणि घरंगळत स्टँडखाली जातो.

तुमचा हात पुढे झाला आहे. बघा त्याच्याकडे. तो प्रेमाने पुढे झाला आहे, यात शंका नाही. “द्या आप्पा, मी लावते,” हे वाक्यही ओठांपर्यंत आलं आहे. पण त्या हाताला घाईसुद्धा आहे आणि थोडी भीतीही आहे. समोरची थरथर त्याला बघवत नाही, म्हणून ती डोळ्यांआड करायची आहे. हात मांडीवर परत आणा. आप्पांना वाकू द्या. एक हात सीटवर ठेवून ते वाकतील, दुसऱ्या हाताने फरशी चाचपतील. वेळ लागेल. नट सापडेल. फडक्याला पुसला जाईल, पुन्हा मनगट टेकेल, पुन्हा उलटा फिरेल. या वेळात तुम्ही काहीही करायचं नाही. त्यांच्या श्वासाचा आवाज येतो तो ऐका. नट बसला की ते तुमच्याकडे बघणारही नाहीत, पुढचा मागतील. तो मात्र लगेच द्या.

आप्पांना हल्ली नावं आठवत नाहीत. शेजारच्या मुलाचं नाव, काल कोण येऊन गेलं ते, कुठल्या डब्यात वॉशर ठेवले ते. उलट्या फेऱ्यातलं ‘टक’ मात्र विसरलेलं नाही. हाताची आठवण डोक्यात वेगळ्या वाटेने साठते, हे शास्त्रालाही हळूहळूच उमगलं. ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेने १९६२ साली एका रुग्णाबद्दल लिहिलं. एच. एम. या आद्याक्षरांनी तो ओळखला जाई. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्याच्या मनात नवी आठवण टिकत नसे. आरशात बघून चांदणी गिरवायचा सराव त्याच्याकडून रोज करून घेतला, तर रोज त्याचा हात सुधारत गेला, आणि रोज त्याला वाटे की हे आपण पहिल्यांदाच करतो आहोत. मला ही माहिती कळली तेव्हा पहिल्यांदा धीर आला. आप्पांनी डब्याचं नाव विचारलं की आता मी डबाच पुढे करते. आठवा बरं, म्हणत नाही.

फोर्कचे पाइप उतरवले की ते काचेवर ठेवायचे. जुन्या कपाटाची जाड, सपाट काच चालते. पाइप हलक्या हाताने लोटायचा. सरळ असेल तर एकसारखा घरंगळतो. वाकलेला असेल तर मध्येच उचलल्यासारखा होतो, आणि काच आणि पाइप यांच्या फटीतून उजेड दिसतो. आप्पांनी पाइप लोटला, उजेड आला, आणि ते बोलू लागले. गाळपाचे दिवस, दुसरी पाळी सुटलेली, ऊस भरलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला पंक्चर होऊन उभी. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. उसाची टोकं बाहेर आलेली. “आधी वास आला उसाचा,” ते म्हणाले, “मग ट्रॉली दिसली.” डावा पाय मोडला. गाडी टेम्पोत घालून आणली आणि परड्यातल्या छपराखाली ताडपत्रीत गुंडाळली. घरात त्या रात्रीबद्दल आम्ही कधी बोललो नव्हतो. समोरासमोर बसून विचारलं असतं तर ते आताही बोलले नसते. दोघांची नजर त्या पाइपवर होती, म्हणून बोलले.

अशा वेळी प्रश्न विचारू नका. दुसरा पाइप काचेवर ठेवा. त्यांना बोलायचं असेल तर तो घरंगळेपर्यंत ते बोलतील. वाकलेले पाइप आप्पांनी सरळ करू दिले नाहीत. वाकून सरळ केलेल्या पाइपवर त्यांचा भरवसा नाही, दुसरे शोध म्हणाले.

शोधाशोधीचं थोडक्यात सांगते. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून या घराण्याच्या गाड्या बनू लागल्या. येझदी हे नाव पुढे सत्तरच्या दशकात आलं, आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. त्यामुळे बरेचसे मूळ सुटे भाग जुन्या गाड्यांतून मिळतात, किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवारी नाहीतर रविवारी. सिलिंडर आम्ही कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात लेथवर बोअर करून आणला. मूळ बोअर ६५ मिलिमीटर. झिजलेली भिंत ज्या मापाला गुळगुळीत होईल त्या मापाचा ओव्हरसाइज पिस्टन घ्यायचा. लेथवाल्याने सिलिंडर उजेडाला धरून आप्पांना आत बघायला दिला. त्यांनी अंगठा आत फिरवला आणि मान हलवली.

आता पुन्हा सावकाश. पिस्टन बसवायचा आहे, आणि हे काम दोन माणसांचं आहे. आधी क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. गजन पिनेची क्लिप निसटून आत पडली तर पुन्हा सगळं इंजिन उघडावं लागेल. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला. टू-स्ट्रोकच्या पिस्टनमध्ये रिंगच्या खाचेत एक बारीकशी पिन असते. रिंगची दोन्ही टोकं त्या पिनेपाशीच यायला हवीत. रिंग गोल फिरली आणि तिचं टोक सिलिंडरच्या खिडकीत अडकलं, तर रिंग तुटते आणि भिंतीवर ओरखडा ओढत जाते. रिंग बिडाची, वाकत नाही, सरळ मोडते.

तुम्ही सिलिंडर दोन्ही हातांनी वर धरा. तो जड आहे. आप्पांनी पिस्टन लाकडाच्या पट्टीवर टेकवला आहे आणि दोन्ही अंगठ्यांनी पहिली रिंग आवळली आहे. तेलाने माखलेली रिंग त्यांच्या बोटांखाली हळूहळू मिटते, टोकं पिनेला येऊन भिडतात. “सोड.” तुम्ही केसभर खाली सोडता. “थांब.” एका बाजूने रिंग बाहेर आली आहे. ते नखाने आत लोटतात. “सोड.” तुमचे दंड भरून येतात, आणि सिलिंडर ठेवून देता येत नाही. त्यांचे अंगठे थरथरतात, पण आवळलेले आहेत. दोघांपैकी एकट्याला हे जमलं नसतं. या घडीला तुम्ही कुणावर उपकार करत नाही, कुणी तुमच्यावर करत नाही. पुढची रिंग आत जाते तेव्हा सिलिंडरचा भार अचानक हलका होतो आणि तो स्वतःच खाली सरकतो.

म्हातारपणी कानातले बारीक, उंच आवाज आधी जातात. आप्पांना दाराची बेल ऐकू येत नाही, नातीचं बोलणं अर्धं निसटतं. जाड आवाज टिकतात. ते लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला लावतात, मूठ कानामागच्या हाडाला टेकवतात आणि डोळे मिटतात. लोखंडातून आणि हाडातून येणारं त्यांना स्पष्ट कळतं. मी एकदा तसंच ऐकून बघितलं. मला नुसती खडखड ऐकू आली. त्यांना त्यात बेअरिंग वेगळं आणि चेन वेगळी ऐकू येत होती. इंजिन सुरू होईल तेव्हा तुम्हीही मूठ कानाला लावा. जे कळणार नाही ते विचारा, आणि ते सांगतील तेव्हा मोठ्याने “हं” म्हणा, नाहीतर आपलं बोलणं पोचलं की नाही ते त्यांना कळत नाही.

पेट्रोलमध्ये तेल मिसळा. नवा पिस्टन आहे, तेल नेहमीपेक्षा जरा जास्त. येझदीचा गिअरचा लिव्हर आत दाबून वर फिरवला की तोच किक होतो, आणि तो डाव्या बाजूला असतो. आप्पांचा डावा पाय त्याला आता दाद देत नाही. ते उजव्या बाजूला स्टुलावर बसतात आणि एक हात थ्रॉटलवर ठेवतात. किक तुम्ही मारायची, पण केव्हा ते त्यांनी सांगायचं. पायाखाली दाब लागेपर्यंत लिव्हर हळू खाली आणा. थांबा. त्यांच्या तोंडाकडे बघा.

“आता मार.”

पहिल्यांदा फुसकारा. पुन्हा फुसकारा. मग एक मोठा ठोका, निळा धूर, आणि येझदीचा तो मोकळा, ठणठणता आवाज अंगणभर. मला ओरडायचं होतं. आप्पांनी मोकळा हात वर केला. “रेस करू नगंस. ऐक.” त्यांची मान एका बाजूला झुकली. इंजिन जरा वेळ चाललं, अडखळलं, बंद पडलं.

“जेटमध्ये कचरा हाय,” ते म्हणाले. “कार्बोरेटर उतरव.”

तेव्हा पुन्हा खाली बसा. पेट्रोलचा कॉक बंद करा, फ्लोटची वाटी खोला, जेट उजेडाकडे धरा. आप्पांनी तोवर वायरचं भेंडोळं मांडीवर घेतलं आहे आणि लाल वायर वेगळी काढत आहेत. हेडलाइटचं नंतर बघू, म्हणतात, आधी मागचा दिवा लागला पाहिजे.