नाडी आणि खलिता

डॉक्टर घरात आला म्हणजे एरवी पडदे असलेली दारे आपोआप उघडतात. जी गोष्ट सख्ख्या भावापासून लपवली, ती आपण त्याच्यापुढे सहज बोलून जातो. या विश्वासाचा मालक कोण? तो ठेवणारा, की ज्याच्यावर तो ठेवला जातो तो? आणि एका कामासाठी मिळालेला विश्वास दुसऱ्याच कामी खर्च केला, तर त्याला अफरातफर म्हणावे काय?

सर जॉन मॅकनील याच्या आयुष्यासंबंधी वाचताना हा प्रश्न मला पहिल्यांदा टोचला. 1795 साली स्कॉटलंडमधल्या कोलन्से बेटावर जन्मलेला हा मनुष्य वैद्यकीची पदवी घेऊन 1816 साली ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत, आपल्या मुंबई इलाख्यात सहायक शल्यवैद्य म्हणून रुजू झाला. तेथून त्याची रवानगी इराणातल्या ब्रिटिश वकिलातीत झाली. राजवाड्यातल्या स्त्रियांवरही तो उपचार करी. त्याच्या हाताला गुण होता. त्या गुणाने दरबारात त्याचे जे वजन वाढले, ते वकिलातीच्या कामी आले, आणि 1836 साली हा डॉक्टर स्वतःच वकील होऊन तेहरानला गेला. ज्या हाताने नाडी पाहिली, तोच हात आता खलिते लिहू लागला.

पुढच्याच वर्षी इराणच्या शहाने हेरातला वेढा घातला. मॅकनील छावणीत गेला, समेटासाठी खटपटला आणि यश न आल्यामुळे 1838 च्या जूनमध्ये संबंध तोडून निघून आला. मुंबईहून गेलेली फौज खार्ग बेटावर उतरली. युद्धाचा धाक पडताच सप्टेंबरात वेढा उठला. ज्या घराण्याला त्याने औषध दिले, त्यालाच हा धाक होता!

कोणी म्हणेल, यात लपवाछपवी कसली? तो पहिल्या दिवसापासून कंपनीचा पगारी नोकर होता, आणि शहाही काही दुधखुळा नव्हता. खरे आहे. पण तापाने फणफणलेल्या, पडद्याआडून हात पुढे करणाऱ्या त्या बायकांना हे कोणी सांगितले होते?

तरी हा मनुष्य मला निव्वळ धूर्त वाटत नाही, याचे कारण क्रायमिया. 1855 साली तिथले ब्रिटिश सैन्य किडामुंगीसारखे मरत असताना चौकशीसाठी त्याला व कर्नल टलॉक याला पाठवण्यात आले. वय साठीला टेकलेले. त्यांना काय दिसले? शिपायांना कॉफी मिळे ती कच्च्या, न भाजलेल्या बियांची; भाजायला सरपण नाही, दळायला साधन नाही. खारवलेले मांस खाऊन हिरड्या सुजलेल्या. या रोगावर लिंबाचा रस गुणकारी, हे सैन्यातल्या डॉक्टरांना ठाऊक होते. तो रस डिसेंबर 1854 मध्येच बालाक्लाव्हा बंदरात येऊन पडला होता! पण रोजच्या शिध्याच्या यादीत त्याचे नाव नाही, म्हणून फेब्रुवारीपर्यंत तो वाटला गेला नाही. सात महिन्यांत, लढाईतले मृत्यू सोडून, नुसत्या आजाराने शेकडा सुमारे 35 माणसे गेली. हे सारे त्याने नोंदवले. 1856 साली सेनानींच्या मंडळाने अधिकाऱ्यांना निर्दोष ठरवले. सरकारने त्याला हजार पौंड देऊ केले. ते त्याने घेतले नाहीत.

येथे व्यवहार उलटा झाला. वकील म्हणून कमावलेले वजन त्याने रोग्यांसाठी खर्च केले. पण अशाने हिशेब मिटतो का? घेतले तेहरानात, फेडले क्रायमियात.

मॅकनीलचा न्याय करायला मी कोण? मी साधा शाळामास्तर. काही वर्षांपूर्वी एका मुलाची आई मला म्हणाली होती, ‘‘गुरुजी, तुम्हाला म्हणून सांगते. पोरगा रात्री खानावळीत ताटं विसळतो. वर्गात डोळा लागला तर मारू नका.’’ मी मारले नाही. पुढे नादारी ठरवण्याच्या समितीवर माझी नेमणूक झाली. अर्जावर ‘उत्पन्न काही नाही’ असे लिहिलेले. मला विचारण्यात आले, आणि मी खरे ते सांगितले. सार्वजनिक पैसा होता, दुसरी गरजू मुले रांगेत होती, खोटे मी बोलू शकत नव्हतो. गप्प बसू शकलो असतो की नाही, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. त्या मुलाची नादारी गेली. सहामाहीनंतर तो शाळेत दिसला नाही.

आपले गुपित समितीपुढे कोणी फोडले, हे त्या माउलीला अद्याप ठाऊक नसावे. कारण दर दिवाळीला ती माझ्या घरी करंज्या पाठवते. याही वर्षी आल्या आहेत. मुले खाताहेत, आणि मी हे लिहीत बसलो आहे.