गाळलेली माणसं

नाताळच्या आधीच्या रविवारी आमच्या मंडळीत शास्त्रवाचन माझ्याकडे असतं. मत्तयाचा पहिला अध्याय. अठराव्या वचनापासून सुरू केलं तरी चालेल, असं पाळकसाहेब दरवर्षी हळूच सुचवतात. तिथून जन्माची गोष्ट सुरू होते. वरची १७ वचनं म्हणजे नुसती वंशावळ. अज्जूर, सादोक, याखीम, एलीहूद. या चौघांबद्दल शास्त्र नावापलीकडे काहीच सांगत नाही. मंडळी जांभया देते, पोरं बाकाखाली पाय हलवतात. मीही वर्षानुवर्षं अठरापासूनच वाचत आलो.

गेल्या वर्षी सगळं वाचायचं ठरवलं. जीभ अडखळू नये म्हणून आदल्या रात्री घरी मोठ्यानं वाचायला बसलो आणि सहाव्याच वचनाशी थांबलो. दावीदाला शलमोन झाला तो उरीयाच्या बायकोपासून, असं मत्तय लिहितो. बथशेबा हे तिचं नाव तो घेतच नाही. उरीया हा हित्ती, म्हणजे परका, दावीदाच्या सैन्यातला. राजानं त्याच्या बायकोला आपल्या वाड्यात आणवलं, तिला दिवस गेले, आणि ते झाकायला नवऱ्याला लढाईच्या ऐन तोंडावर उभं करून मारवलं. ख्रिस्ताच्या कुळात उरीयाच्या रक्ताचा थेंब नाही. तरी मत्तयानं त्याला यादीत घेतलंय, तेही दावीदाच्या अगदी शेजारी.

मत्तय नावं गाळत नाही असं मात्र नाही. त्याला चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट जुळवायचे होते, म्हणून योरामानंतर तो थेट उज्जीयावर उडी मारतो. मधले अहज्या, योवाश, अमस्या असे तीन राजे गायब. जागा कमी होती म्हणा ना! गंमत म्हणून हे मनात आलं आणि मी चपापलो, कारण ते वाक्य माझं होतं.

आमच्या मंडळीनं स्मरणिका काढली तेव्हा जुन्या घराण्यांना दोन-दोन पानं दिली होती. आमची मी लिहिली. पणजोबा मिशनच्या शाळेत शिकले, पुढे गावोगाव पंतोजी म्हणून हिंडले, आजोबा मुख्याध्यापक झाले, मग वडील, मग मी. पणजोबा महारवाड्यातले. मी लिहिलं, ‘गावाबाहेरच्या वस्तीतले’. आणि पणजीला गाळलं.

तिला सगळे म्हातारीआई म्हणत. १८९९-१९०० च्या दुष्काळात कुणीतरी तिला मिशनच्या आवारात आणून सोडलं, तेव्हा पाच-सहा वर्षांची असेल. आईबाप, गाव, जात, काहीच ठाऊक नाही. पुढे लग्न झालं, लेकरं झाली, घर धान्यानं भरलं. पण मरेपर्यंत भाकरीचा एक कोर पदराच्या गाठीला बांधूनच ती झोपायची. हे मला माझ्या थोरल्या आत्यानं सांगितलं होतं. दोन पानांत घालायला याहून मोलाचं माझ्याकडे दुसरं काय होतं?

तरी नाही घातलं. ‘भाकरीसाठी बाटले’ हे मी लहानपणी शाळेत ऐकलंय. छापील पानावर स्वतःच्या हातानं पुरावा कशाला द्या, असा विचार केला. हे इतकं स्पष्ट तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. मनाला सांगितलं, जागा कमी आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आमच्या जिल्ह्यात काम केलं, त्यावर मात्र एक परिच्छेद बसला. त्यांचा आमच्या घराण्याशी काही संबंध नाही. ते ब्राह्मण होते, कवी होते, एवढंच.

अशीच एक वंशावळ जुन्या करारात, पहिल्या इतिहासाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. तिथे शेशान नावाचा एक बाप आहे. त्याला मुलगे नव्हते, मुलीच होत्या. त्यानं आपली मुलगी यरहा नावाच्या दासाला दिली. दास, वर मिसरी. ज्या मिसरानं इस्राएलाला विटा थापायला लावल्या, तिथला. तिथून अत्तयापासून अलीशामापर्यंत तेरा नावं सलग येतात. यहूदाच्या वंशात बसलेली ही पोरं यरहाची. मधल्या पिढीतल्या एखाद्या शहाण्यानं ‘मिसरी’ आणि ‘दास’ हे दोन शब्द खोडले असते तर कोण विचारणार होतं? माझ्यासारखा एखादा सुशिक्षित पणतू त्या घरात जन्मला असता, तर खोडलेच असते. शेशानाच्या त्या मुलीचं नाव मात्र तिथे लग्नाच्या वेळी दिलेलं नाही, हेही खरं.

स्मरणिका हातात आली तेव्हा मी ती घेऊन आत्याकडे गेलो. तिला आता दिसत नाही. म्हणाली, वाच. वाचलं. पणजोबा, आजोबा, टिळक, वडील, मी. संपल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “आन् म्हातारीआई रे?”

“जागा कमी होती, आत्या.”

“बरं,” म्हणाली आणि चहा टाकायला सुनेला हाक मारली.

गेल्या वर्षीच्या त्या नाताळाआधीच्या रविवारी मी सतराही वचनं वाचली. उरीयापाशी आवाज थोडा पडला. कुणाच्या लक्षात आलं नसावं. आत्यानं नव्वदी ओलांडली आहे. म्हातारीआईचं नाव काय होतं, हे सांगणारं आता तिच्याशिवाय कुणी उरलेलं नाही. तिचं घर माझ्या घरापासून रिक्षानं वीस मिनिटांवर आहे. मी अजून विचारलेलं नाही.