अडल्या वाटेवरची माणसं

2002 साली डर्व्हला मर्फी रशियाच्या अतिपूर्वेकडे निघाल्या, तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती. आयर्लंडमधल्या लिस्मोर या लहानशा गावच्या या बाई. व्लादिवोस्तोकच्या आसपासच्या उसुरी प्रदेशात सायकलनं हिंडायचं, असा त्यांचा पक्का बेत होता. पण बैकाल-आमूर रेल्वेवरच्या प्रवासात त्यांचा पाय जायबंदी झाला आणि बेत तिथेच बारगळला. भाषा धड येत नाही, सोबत कुणी नाही, घर हजारो किलोमीटरवर आणि ज्या पायांच्या भरवशावर निघायचं, त्यांतला एक निकामी. आपल्याकडे अशा वेळी घरून एकच फोन येतो, ‘आता पुरे झालं, मिळेल त्या विमानानं परत ये.’

बाई परतल्या नाहीत. पाय टेकवत, लंगडत त्या पूर्व सायबेरियातच राहिल्या. बैकाल सरोवराच्या काठी, पुढे याकुतियात, रेल्वेनं, बोटीनं, जे वाहन मिळेल त्यानं फिरल्या. त्यातून ‘थ्रू सायबेरिया बाय अॅक्सिडेंट’ हे पुस्तक झालं. एवढ्यावरही भागलं नाही. त्या पुन्हा सायबेरियात गेल्या, तेही भर हिवाळ्यात आणि 2006 साली ‘सिल्व्हरलँड’ हे दुसरं पुस्तक आलं.

त्यांची जिद्द मोठी होती, यात शंका नाही. 1963च्या कडाक्याच्या थंडीत युरोपातून सायकलवर निघून त्या दिल्लीला पोचल्या होत्या. त्या वाटेवर अफगाणिस्तानात एका बसमध्ये बंदुकीच्या दस्त्याचा फटका बसून बरगड्या मोडल्या होत्या, तरी त्या भारताच्या वाटेला लागल्याच. दहाव्या वाढदिवसाला जुनी सायकल आणि नकाशांचं पुस्तक भेट मिळालं, तेव्हाच भारतात सायकलनं जायचं त्यांनी ठरवलं होतं. मग चौदाव्या वर्षी शाळा सुटली ती संधिवातानं जखडलेल्या आईच्या सेवेसाठी आणि तिशी उलटेपर्यंत घर सुटलं नाही. दुसऱ्याचं अंथरुण-पांघरुण करण्यात ज्यांची तरुणपणाची वर्षं गेली, त्यांना मोडकं शरीर म्हणजे काय, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

पण मला त्यांच्या जिद्दीपेक्षा सायबेरियातली लाचारी अधिक महत्त्वाची वाटते. लाचारी हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. एकट्यानं फिरणाऱ्याचा सगळा अभिमान ‘मी कुणावर अवलंबून नाही’ या चार शब्दांत असतो. तंबू माझा, चूल माझी, चाक पंक्चर झालं तर ठिगळ मीच लावणार. अपघात होतो आणि हा अभिमान एका क्षणात गळून पडतो. पाण्याचा पेला उचलून द्यायलाही परका माणूस लागतो. ज्याच्या गावातून काल आपण हात हलवून पुढे निघून गेलो असतो, त्याच्याच घरी आज आपली पथारी पडते. धडधाकट प्रवाशाला गाव दिसतं ते रस्त्यावरून. जायबंदी माणसाला ते स्वयंपाकघरातून दिसतं. मर्फीबाईंना सायबेरिया असा मिळाला. सायकल चालवता आली असती तर त्या उसुरीच्या जंगलात असत्या आणि सायबेरियातली ही माणसं त्यांना भेटलीच नसती.

तोल गेलेलं आयुष्य परत रस्त्यावर आणणं म्हणजे नेमकं काय, हे जवळून पाहिलं तर त्यात वीरश्री फार थोडी आढळते. प्लास्टर निघतं तेव्हा खालची पोटरी वाळून निम्मी झालेली असते, कातडी पापुद्र्यांनी सुटत असते. गुडघा वाकवताना घाम फुटतो. डॉक्टर ‘हाड जुळलं’ म्हणतात, पण मन जुळायला वेळ लागतो. सायकलवर टांग टाकली आणि मागून ट्रकचा घरघराट आला की हँडल आपोआप थरथरतं, दोन्ही हात ब्रेक दाबून धरतात. उतार हा तर जुना वैरी होऊन बसतो. या भीतीला भित्रेपणा म्हणणारा माणूस कधी रस्त्यावर आपटलेला नसतो. ती भीती म्हणजे शरीराची स्मरणशक्ती आहे आणि तिचा मान राखूनच पुढे जावं लागतं.

म्हणून ‘पडला तरी उठून लगेच निघाला’ अशा कथांचा मला अलीकडे उबग येतो. न जुळलेलं हाड घेऊन निघणं हे धाडस नव्हे. ते पुढच्या गावातल्या कुणाच्या तरी खांद्यावर आपला भार टाकणं आहे. परमुलखात तुम्ही दुसऱ्यांदा पडलात की तुम्हाला उचलायला कुणी तरी आपलं शेत सोडून येतो, कुणी आपल्या गाडीतलं पेट्रोल जाळतो, कुणाची रात्र रुग्णालयाच्या बाकावर जाते. त्या माणसाकडे ना तुमच्यासारखा विमा असतो, ना परतीचं तिकीट. टेड सायमन यांचं उदाहरण मला म्हणूनच जवळचं वाटतं. 1973 साली मोटरसायकलवरून जगाची फेरी मारायला निघालेले हे ब्रिटिश पत्रकार 2001 मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, पुन्हा त्याच वाटेनं निघाले आणि केनियात पाय मोडून बसले. पाय बरा होऊ दिला आणि मग फेरी पुरी केली. बरा होऊ दिला, यात सगळं आलं. थांबण्याचा काळही प्रवासातच धरायला हवा.

आपल्या पुण्याची वेदांगी कुलकर्णी 2018 मध्ये सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाली तेव्हा विशीत नुकतीच येत होती. 159 दिवस, सुमारे 29 हजार किलोमीटर. स्पेनमध्ये चाकूचा धाक दाखवून तिला लुटलं, डोक्याला मार बसला. तो अपघात नव्हता, हल्ला होता. पण पुन्हा सायकलवर बसताना मनाला जे पेलावं लागतं, ते दोन्हीकडे सारखंच. ती कोलकात्याला पोचली तेव्हा आपण वर्तमानपत्रांतून तिचं कौतुक केलं, ते योग्यच केलं. मात्र अशा मुलीच्या आईवडिलांनी त्या दिवसांत काय सोसलं असेल, हेही आपण विचारायला हवं. ‘परत ये’ म्हणणं सोपं आणि ‘तुला पटेल ते कर’ म्हणणं त्याहून सोपं. ‘दोन दिवस थांब, नीट तपासून घे, मग ठरव’ एवढं शांतपणे सांगून फोन ठेवणं आणि मग रात्रभर जागणं, हे खरं अवघड.

आणखी एक प्रश्न अशा हकिकतींत हमखास मागे राहतो. रस्त्यावरच्या अपघातात बहुधा दुसरं माणूस असतं. परदेशी पाहुण्याच्या मोटरसायकलला धडकलेला शाळकरी मुलगा, बैलगाडीवाला, रस्ता ओलांडणारी म्हातारी. पाहुणा बरा होतो, पुढे निघतो, पुस्तक लिहितो. त्या म्हातारीचं काय झालं? पुन्हा वाटेला लागण्याचा हक्क मला मान्य आहे. पण ज्यानं जाण्याआधी तिच्या घरी जाऊन चौकशी केली नाही, तिच्या औषधाचा खर्च विचारला नाही, त्याचा पुढचा प्रवास कितीही लांबचा असो, मी त्याला मोठा म्हणणार नाही.

आता आपल्या रस्त्यांकडे पाहू. गोव्यात काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या भाड्याच्या दुचाक्यांवरून परदेशी पाहुणे रोज फिरतात. मुंबई-गोवा महामार्गावर पाठीला भलंमोठं ओझं लावलेला एखादा सायकलस्वार आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो. यांतला कुणी पडला तर आपण काय करतो? गर्दी होते, मोबाइल वर होतात आणि ‘पोलिसांचं लफडं नको’ म्हणत हळूहळू लोक पांगतात. सायबेरियातल्या माणसांनी एका अनोळखी, जायबंदी म्हातारीला सांभाळलं, तेव्हा त्यांना तिच्याकडून काही मिळायचं नव्हतं. आपल्या दारी आलेल्याला पाणी विचारणारी माणसं आपण. रस्त्यावर पडलेल्याला मात्र ओलांडून जातो, हे मला लाजिरवाणं वाटतं.

यात भीतीचा भाग मोठा आहे आणि ती भीती आता निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयानं 2016 साली मदतकर्त्यांच्या संरक्षणासाठीच्या मार्गदर्शक सूचनांवर शिक्कामोर्तब केलं. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम 134 अ आलं. जखमीला सद्भावनेनं मदत करणाऱ्यावर, त्या मदतीत काही कमीजास्त झालं म्हणून, दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. पोलीस त्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करू शकत नाहीत. तेव्हा पुढच्या वेळी रस्त्याकडेला कुणी पडलेला दिसला, मग तो कोणत्याही देशाचा असो, तर गाडी बाजूला घ्या, 108 क्रमांक फिरवा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहा.