गच्चीवरचा जामीनदार

गेली अकरा वर्षं मी एका पैशाचा फटाका विकत घेतलेला नाही. हे वाक्य मी बँकेत, लोकलमध्ये आणि सासुरवाडीला इतक्या वेळा ऐकवलं आहे, की ते म्हणताना माझी मान आता आपोआप ताठ होते. या त्यागाचं मूळ मात्र फारसं उदात्त नाही. आमची कन्या दुसरीत असताना शाळेतून 'फटाके उडवणार नाही' अशी शपथ घेऊन आली आणि त्याच महिन्यात घराच्या कर्जाचा हप्ता वाढला. तत्त्व आणि टंचाई एकाच गाडीने आली. मी दोघांनाही एकदमच उतरवून घेतलं.

पण लक्ष्मीपूजनाच्या रात्री साडेआठ वाजले की हाच तत्त्वनिष्ठ माणूस घडीची खुर्ची काखेत मारून गच्चीवर जातो.

त्याचं असं आहे, की डोंबिवली पूर्वेला आमच्या गल्लीत दोन सोसायट्या समोरासमोर उभ्या आहेत. नरक चतुर्दशीच्या पहाटे सगळं गाव नटूनथटून फडके रोडवर एकत्र येतं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मात्र गल्लीत सरळ दोन पक्ष पडतात. इकडून भुईनळा लागला की तिकडून दोन. इकडून रॉकेट गेलं की तिकडून पंचवीस शॉटांचं खोकं. अलीकडे दोन्ही बाजूंना लाउडस्पीकरही आले आहेत, त्यामुळे सगळं संगीतासह चालतं. संगीत आणि दारूकाम यांचा एकमेकांशी संबंध नसतो. गाणं विरहाचं चालू असतं आणि नायिकेने उसासा टाकायच्या जागी सुतळी बॉम्ब फुटतो. क्वचित एखादा बॉम्ब चुकून नेमका समेवर पडतो. तेव्हा दोन्ही गच्च्यांतून अशी दाद जाते, की लावणारा स्वतःच चकित होतो.

माझी धाकटी बहीण माँट्रियलला असते. तिथे अशीच स्पर्धा 1985 सालापासून रीतसर भरते. देशोदेशीचे आतषबाज येतात, प्रत्येकाला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ मिळतो आणि शेवटी परीक्षक ज्युपिटर नावाची बक्षिसं देतात. गोळा वर जाऊन फुटायला काही सेकंद लागतात. म्हणून जो गोळा ठेक्यावर फुटायला हवा, तो ठेक्याच्या आधीच सुटावा लागतो. हा सगळा हिशेब संगणक ठेवतो. ला रोंद नावाच्या उद्यानात बसून पाहायचं तर तिकीट पडतं. पण जवळच जाक कार्तिए पूल आहे, त्या रात्री तो गाड्यांना बंद करतात आणि हजारो लोक तिथून फुकट पाहतात. बहीण आणि तिचे यजमान अर्थातच पुलावर असतात. डोंबिवलीचं पाणी आहे, जाईल कुठे?

माझी गच्ची म्हणजे माझा पूल. खर्च त्यांचा, आनंद माझा, आणि शपथ शाबूत. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला याहून चांगला ताळेबंद कुठे मिळणार? धूर सगळ्यांचा असतो, पण तो कुठल्या खात्यावर टाकायचा हे मी कधी बघितलं नव्हतं.

गेल्या वर्षी समोरच्यांनी एक मोठं खोकं लावलं. आभाळात सोनेरी माड उभे राहिले, त्यांच्या झावळ्या हळूहळू गळत खाली आल्या, आणि माझ्या तोंडून अगदी पोटातून "वा!" निघाला. समोरच्या सेक्रेटरींनी तो ऐकला. वर बघून हात हलवला आणि ओरडून म्हणाले, "काका, हे खास तुमच्यासाठी!" आणि दुसरं खोकं पेटवलं.

मी खुर्चीत बसल्या जागी थिजलो. माझ्यासाठी? अहो, मी फटाके न उडवणारा माणूस!

मला पेशव्यांच्या बखरीतली गोष्ट आठवली. 1792 साली पुण्यात आलेल्या महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचं वर्णन ऐकवलं. तिथे म्हणे दारूची लंका करतात, दारूचाच मारुती करतात, त्याची शेपटी पेटली की तो उडून लंका जाळतो. तरुण पेशव्यांना ते पाहायची इच्छा झाली. मग पर्वतीच्या पायथ्याशी तशीच लंका उभी राहिली आणि श्रीमंतांनी टेकडीवरून ती जळताना पाहिली. सगळ्या पुण्यानेही पाहिली. पेशव्यांनी स्वतः एक वातसुद्धा पेटवली नसेल. पण लंका जळली ती त्यांना बघायची होती म्हणूनच ना?

आमच्या बँकेत अशा माणसाला जामीनदार म्हणतात. तो कर्ज घेत नाही, पैशाला हात लावत नाही, फक्त सही करतो. कर्ज थकलं की हाच माणूस काउंटरवर येऊन म्हणतो, "पण साहेब, मी एक पैसा घेतला नाही हो!" त्याला मी गेली वीस वर्षं शांतपणे सांगत आलो आहे, की सही तुमची आहे, नोटीस तुम्हालाही जाणार. माझा "वा!" ही सहीच होती.

नोटीस तर आमच्या घरी आधीच आलेली होती.

माझ्या आईला दमा आहे. लक्ष्मीपूजनाची आरती झाली की आमची ही खिडक्या लावते, फटींत ओली फडकी खोचते आणि आईच्या हाती पंप देते. आई दर वर्षी म्हणते, "तू जा रे वर. मी काय पळून जात्ये?" आणि मी दर वर्षी जातो.

त्या रात्री मात्र मी लवकर खाली आलो. आईच्या खोलीत अंधार होता. दिवा लावायला हात नेला तर आवाज आला, "नको लावू. दिसायचं नाही." बघतो तर फडकं बाजूला पडलेलं, खिडकी चार बोटं उघडी, एका मुठीत पंप आणि नाक फटीला.

"आई, अगं धूर येतोय!"

"येऊ दे. काय रे, समोरच्यांचं लाल छान होतं, सोनेरीही. हिरवं का नाही दिसलं यंदा?"

मी म्हटलं, "आई, हिरवा रंग बेरियमने येतो. त्याला सुप्रीम कोर्टाने 2018 साली मनाई केली. आता हिरवे फटाके असतात. नागपूरच्या नीरी संस्थेने काढलेले. निदान तीस टक्के धूर कमी."

"हिरवे फटाके, आणि हिरवं तेवढं नाही?" आई हसली. हसण्याचा खोकला झाला, खोकल्याचा दम लागला, पंप दोनदा वाजला. मी खिडकी लावायला पुढे झालो.

"थांब," ती धापांतून म्हणाली, "एवढं एक होऊ दे."

आणि सांगायला लाज वाटते, मी थांबलो. ते एक झालं. मग खिडकी लावली. आई रात्री अडीचपर्यंत उशाला टेकून बसून होती, आणि मी तिच्या पाठीवर हात फिरवत.

पाडव्याला मी फराळाचा डबा घेऊन समोरच्या सेक्रेटरींकडे गेलो. आईचं सांगितलं. म्हटलं, पुढच्या वर्षी जरा कमी करता आलं तर बघा. ते भले गृहस्थ आहेत, त्यांना मनापासून वाईट वाटलं. पण मग चकली मोडत म्हणाले, "करू की. पण काका, दरवर्षी सगळ्यात मोठ्ठी दाद तुमचीच असते हो!"

मी चहा संपवला आणि घरी आलो.

यंदा मी ठरवलं आहे. खुर्ची गच्चीवर न्यायची नाही, आईच्या खोलीत लावायची. खिडकी बंद, फडकी ओली, आणि "वा!" तर बिलकूल नाही. आईला अजून सांगितलेलं नाही. ती परवानगी देईल असं वाटत नाही.