दारात सापडलेली शेपटी

हातून मांजर मेलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. म्हणजे पापाचा हिशेब मरणापासून सुरू. दारात शेपटी सापडली, मांजर किंचाळलं आणि सोफ्याखाली जाऊन बसलं, तर त्याला प्रायश्चित्त नाही. 'मांजरच ते, होईल बरं,' म्हणून आपण चहा ठेवायला मोकळे.

लंडनमधल्या हॅरो भागातल्या फ्लॅटमधली आपोआप मिटणारी जड फायर डोअर्स ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा प्रसंग नवा नाही. इथला २००६चा प्राणी कल्याण कायदा मात्र मरणापर्यंत थांबत नाही. मालकाने करायला हवं ते केलं नाही आणि त्यातून जनावराला नाहक यातना झाल्या, तर तोही गुन्हाच. 'मला कळलंच नाही' एवढं म्हणून सुटकाही नाही; कळायला हवं होतं का, हे पाहिलं जातं.

आणि कळणं अवघडच असतं, कारण मांजर दुखणं लपवतं. त्याला ओढून बाहेर काढू नये, घाबरलेलं मांजर ओरबाडणारच. खिडक्या लावाव्यात, शांत होऊ द्यावं, मग नीट बघावं. लंगडतंय का? डोळ्यांच्या बाहुल्या सारख्या आहेत का? हिरड्या गुलाबी आहेत की पांढुरक्या? स्वस्थ बसलेलं मांजर मिनिटाला साधारण २० ते ३० श्वास घेतं. तोंड उघडून धापा टाकत असेल तर थांबायचंच नाही. शेपटीचं दुखणं तर फार फसवं. शेपटीला जोराचा हिसका बसला तर तिच्या मुळाशी असलेल्या ज्ञानतंतूंना इजा होते आणि मूत्राशयावरचा ताबा जाऊ शकतो. म्हणून लोंबकळणाऱ्या शेपटीइतकंच मातीच्या ट्रेकडेही लक्ष हवं. तिथे लघवी दिसत नसेल, तर उद्यावर ढकलू नये.

आपल्या मायेचा एक प्रकार मात्र दुर्लक्षापेक्षाही घातक आहे. भारतातून येताना बॅगेत भरलेली क्रोसिन! त्यातलं पॅरासिटामॉल मांजराच्या यकृताला पचवता येत नाही. माणसाची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते.

खर्चाची भीती खोटी नाही. रात्रीचं बिल पाहून भल्याभल्यांना घाम फुटतो. पण मांजर घरात आणतानाच विम्याचा विचार करता येतो आणि सरकारी भत्त्यावर असलेल्यांना प्राण्यांवर उपचार करणारी पीडीएसएसारखी धर्मादाय संस्था आहे, तीही १९१७पासून. दवाखाना बंद होता, ही सबब मात्र पटण्यासारखी नाही. तातडीचे प्रथमोपचार आणि वेदनाशमन यांची सोय चोवीस तास ठेवणं इथल्या पशुवैद्यांना त्यांच्या व्यावसायिक आचारसंहितेनेच बंधनकारक आहे. फोनवर वैद्यकीय इंग्रजी फाडायची गरज नाही. शेपटी दारात सापडली, कधी सापडली, त्यानंतर लघवी झालेली नाही, एवढं सांगितलं तरी पलीकडच्याला पुरतं.