फोन खिशात घाल आणि तोंड उघड

टोकियोत राहून तू जपानी शिकत नाहीस. तुझा फोन जपानी बोलतो आणि तू त्याच्या आड लपतोस. पुण्यात तुझ्याकडून हिरागाना मी गिरवून घेतला, म्हणून हे मीच सुनावणार.

वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवताना खिडकीवरच्या बाईंनी साधा प्रश्न विचारला, तर तू अनुवादाचं अ‍ॅप पुढे केलंस. हॉटेलात मेनूवर कॅमेरा धरतोस. कहर म्हणजे प्राध्यापकांना पाठवलेल्या मेलमध्ये अ‍ॅपने 'अनाता' म्हणजे 'तू' घातलं आणि तू ते तसंच जाऊ दिलंस! शिक्षकांना तिथे 'सेन्सेइ'च म्हणायचं, हे पहिल्या सत्रात घोकून घेतलं होतं. घरी आजोबांना अरेतुरे करशील का?

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन३ पातळी पास झाल्याचं मला सांगू नकोस. जेएलपीटीत बोलायचं नसतं, हाताने लिहायचंही नसतं. पर्याय निवडून गोल काळे करायचे असतात. फोनवरही तू तेच करतोस. रोमन अक्षरं टाइप केली की कांजींची, म्हणजे चिनी वळणाच्या अक्षरांची, यादी येते, तू एकीवर बोट ठेवतोस. कोऱ्या कागदावर ती रेघांच्या क्रमाने उतरवता येते का? जपानी मुलं प्राथमिक शाळेतच १०२६ कांजी गिरवून शिकतात. तू किती गिरवल्यास?

फोन फेकून दे, असं मी म्हणत नाही. ट्रेनमध्ये कांजीची कार्डं बघ, रात्री अडलेले शब्द शोध, स्वतःचं वाचन रेकॉर्ड करून ऐक. पण समोर माणूस असला की फोन खिशात. अडखळशील, लाज वाटेल, समोरचा पुन्हा विचारेल. भाषा तेव्हाच अंगी मुरते, आणि नेमकी तीच वेळ तू अ‍ॅपच्या हवाली करतोस.

तुला सबबही नाही. क्रियापद वाक्याच्या शेवटी, शब्दामागे प्रत्यय, माणूस पाहून बदलणारी आदराची भाषा: मराठी मुलाला यात नवं काय आहे? आठवड्याला २८ तास कामाची परवानगी मिळाली आहे, तर हॉटेलात मागे भांडी घासत बसू नकोस. काउंटरवर काम माग, म्हणजे बोलावंच लागेल.

याच आठवड्यात वॉर्डातल्या स्वयंसेवकांच्या जपानी वर्गात नाव घाल. प्राध्यापकांना माफीचं पत्र हाताने लिही आणि आधी मला दाखव. चुका मी लाल शाईने दाखवीन. दहा वेळा लिहावं लागलं तरी चालेल, पण अ‍ॅपचं एकही वाक्य त्यात दिसता कामा नये.