गाईची साक्ष

पशुवैद्यकातल्या होमिओपॅथीच्या बाजूने एक युक्तिवाद हमखास केला जातो, आणि प्रथम ऐकताना तो बिनतोड वाटतो. माणसाला साखरेच्या गोळीनेही बरं वाटतं, कारण त्याचा डॉक्टरांवर विश्वास असतो. गाईला कुठे ठाऊक असतं पाण्यात काय घातलंय ते? तरीही ती बरी होते, म्हणजे औषधात काहीतरी असणारच. मुळशी तालुक्यातल्या कोळवण खोऱ्यात गोठ्यावर बसलं की हेच चार शब्दांत ऐकू येतं: "जनावर खोटं बोलत नाही, साहेब."

खरं आहे. पण जनावर खरंही बोलत नाही. त्याला बरं वाटतंय की नाही, हे मालक ठरवतो किंवा डॉक्टर ठरवतात. सांधेदुखीने लंगडणाऱ्या कुत्र्यांचा एक अमेरिकी अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. या कुत्र्यांना औषध म्हणून पोकळ, म्हणजे औषधच नसलेल्या, गोळ्या दिलेल्या होत्या, आणि पाय जमिनीवर किती भार घेतो हे यंत्राने मोजलं होतं. यंत्राला फरक दिसला नाही तेव्हाही सुमारे चाळीस टक्के वेळा मालकांना सुधारणा दिसली. तपासणाऱ्या पशुवैद्यांची नजरही साधारण तितकीच फसली. भ्रम होतो तो दावणीच्या अलीकडे उभ्या असलेल्याला.

कोळवणचा पावसाळा म्हणजे दोन-तीन महिने ओल. खाचरात इंद्रायणी भात उभा असतो आणि गोठ्यात शेणामुताचा चिखल. अशा वेळी कासदाह, गोठ्यावरच्या भाषेत दगडी, घरोघर येते. सकाळी धार काढताना एक सड कडक आणि गरम लागतो, गाय लाथ झाडते, गाळणीवर दुधाच्या गुठळ्या उरतात. डॉक्टरांनी सडात ट्यूब सोडली की औषधागणिक काही दिवस दूध कॅनमध्ये घालायचं नाही, असा नियम. तो कितपत पाळला जातो हे धार काढणाऱ्यालाच विचारावं. आठ-दहा लिटरच्या गाईचं तीन-चार दिवसांचं दूध ओतून देणं म्हणजे पेंडीच्या पैशांवर पाणी सोडणं. होमिओपॅथीच्या थेंबांच्या बाटलीला ही अट नाही. सुई टोचावी लागत नाही, डॉक्टरांची वाट पाहावी लागत नाही, दूधही चालू राहतं. बाटली घेणाऱ्याला होमिओपॅथीचं तत्त्वज्ञान ठाऊक नसतं. त्याचा हिशेब मात्र चोख असतो.

त्या बाटलीत काय असतं, याचाही हिशेब करता येतो. बाटलीवरचं '30 सी' म्हणजे मूळ द्रव्य शंभर पटींनी पातळ करण्याची क्रिया तीस वेळा. बाराव्या वेळेलाच मूळ पदार्थाचा एखादा रेणू शिल्लक असण्याची शक्यता जवळजवळ संपते. जनावरांवर हा प्रयोग नवा नाही. लाइपझिगचे पशुवैद्य विल्हेल्म लुक्स यांनी 1833 मध्ये त्यावर पुस्तकच लिहिलं. काळपुळीवर काळपुळीच्याच जनावराचं रक्त पातळ करून द्यावं, असा त्यांचा पक्ष होता.

कासदाहावर नॉर्वेत झालेली चाचणी 2004 मध्ये प्रसिद्ध झाली. काही गाईंना होमिओपॅथी, काहींना पोकळ औषध, काहींना प्रतिजैविक. होमिओपॅथीच्या गटातल्या सुमारे दोन तृतीयांश गाई आठवड्यात सुधारल्या. एवढंच वाचून थांबलं तर जाहिरात तयार. पण पोकळ औषधाच्या गटातल्याही दोन तृतीयांशच सुधारल्या. आणखी एक गोष्ट, जी होमिओपॅथीचे विरोधक सांगायचं टाळतात: चार आठवड्यांनी पाहिलं तर तिन्ही गटांचे निकाल बेताचेच होते, प्रतिजैविकांचेही.

जनावरं आपोआप सुधारतात आणि श्रेय बाटलीला जातं, हे 2022 च्या लम्पी त्वचारोगाच्या साथीत मोठ्या प्रमाणावर दिसलं. बाजार बंद, शासनाकडून शेळ्यांच्या देवीच्या लसीचं मोफत लसीकरण, दुभती गाय दगावली तर तीस हजारांची मदत. आणि दुसरीकडे मोबाइलवर फिरणाऱ्या थेंबांच्या याद्या. ज्या रोगात बहुतेक जनावरं कशीही उठतात, त्यात जो उपाय शेवटी केला त्याला यश मिळतं. मेलेल्या जनावराचा मालक कुणाला उपाय सुचवत फिरत नाही.

इथे एक गल्लत वारंवार होते. कोरफड, हळद आणि चुना वाटून कासेवर लावण्याचा उपाय राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्वतः सुचवतं: 250 ग्रॅम कोरफड, 50 ग्रॅम हळद, 15 ग्रॅम चुना. गोठ्यावर हा झाडपाला आणि होमिओपॅथी एकाच फळीवर, एकाच विश्वासाने ठेवलेली असतात. पण हळदीत तपासता येईल असं द्रव्य आहे. ती किती लावली, किती दिवस लावली, हे मोजून ती नापासही करता येते. दोन्हींना 'देशी' म्हणून एका दावणीला बांधणं हळदीवर अन्याय आहे. शिवाय होमिओपॅथी जर्मनीतली.

आता व्यवसायाबद्दल. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने जनावरांवर उपचाराचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाला दिला आहे. माणसांच्या दवाखान्यात होमिओपॅथना अॅलोपॅथीची औषधं लिहू द्यावीत की नाही, यावरून 2025 मध्ये महाराष्ट्रात डॉक्टर संपावर गेले. गोठ्यात उलटाच प्रकार: आधुनिक पदवीचा पशुवैद्य थेंब लिहून देतो, आणि त्यावर कुणाची हाक ना बोंब. ब्रिटनच्या पशुवैद्यकांच्या नियामक संस्थेने 2017 मध्ये स्पष्ट सांगितलं की पुराव्याची बैठक नसलेले उपचार पुराव्यावर आधारलेल्या उपचारांच्या आधी किंवा त्यांच्याऐवजी देऊ नयेत. तिथल्या होमिओपॅथ पशुवैद्यांनी जोरदार निषेध केला, पण निदान वाद उघड्यावर झाला.

मला बंदी नको आहे. बंदीने बाटली दुकानाच्या मागच्या दाराने येईल, आणि ती मागवणाऱ्याला आपण दुधाच्या नुकसानीवर दुसरं उत्तर दिलेलं नसेल. सौम्य कासदाहात जपून वाट पाहणं हासुद्धा कधीकधी योग्य सल्ला असतो, आणि उठसूट प्रतिजैविकं ओतण्यापेक्षा बराच. पण मग त्याला वाट पाहणं म्हणावं आणि मुदत घालावी. थेंब लिहिणाऱ्या डॉक्टरांनी केसपेपरवर तीन नोंदी कराव्यात: पहिल्या दिवशी कासेची आणि दुधाची तपासणी काय निघाली, उपचार कधी बदलायचा, आणि गाईला ताप चढला, तिने वैरण सोडली किंवा दूध पाण्यासारखं आलं तर पशुवैद्यकीय मदतीच्या 1962 या क्रमांकावर फोन त्याच दिवशी करायचा, हे मालकाला सांगितलं की नाही. अशा एका पावसाळ्याच्या नोंदी कोळवणच्या खोऱ्यातून जमल्या, तरी कासेबद्दल गाईच्या नावाने साक्ष देणाऱ्यांपेक्षा जास्त माहिती हाती येईल. ती होमिओपॅथीच्या बाजूने निघाली, तर तीही छापावी.